पिवळ्या फुलीच्या मागची वाट

सिप्रियाँची पांढरी गाडी आजही चॅपलपाशी उभी होती.

सप्टेंबरात आमच्याकडे कुणाची गाडी कुठे उभी आहे ते प्रत्येक जण बघतो. पण गाडी तिथे म्हणजे माणूस तिथे, असं कुणी समजत नाही. ज्या रानात अळंबी मिळते त्याच रानाच्या तोंडाशी गाडी लावणारा माणूस एक तर पॅरिसहून आलेला असतो किंवा मूर्ख असतो. बाकीचे सगळे गाडी भलतीकडे लावतात, टोपली कोटाखाली घेतात आणि कुंपणाकुंपणाने दुसऱ्याच दिशेला जातात. माझी बायको नोएली तिची छोटी हिरवी गाडी दर वर्षी चॅपलपाशीच लावायची. आता तिथे सिप्रियाँची गाडी होती. म्हणून माझ्या डोक्यात संशय आला, आणि एकदा आल्यावर जाईना.

नोएली फेब्रुवारीत गेली.

तिची अळंबीची जागा मला माहीत नव्हती. चाळीस वर्षं मी तिच्याबरोबर जेवलो. दर शरदात टोपलीभर सेप अळंबी घरी यायची, जाड देठाची, पावाच्या रंगाच्या टोपीची. ती खिडक्या लावून घ्यायची, म्हणजे वास गल्लीत जाऊ नये, आणि लसूण घालून परतायची. मी विचारायचो, "कुठून आणलीस?" ती म्हणायची, "रानातून." त्यात मला वाईट वाटायचं नाही. आमच्याकडे जागा नवऱ्यालाही सांगत नाहीत. जागा एकाच माणसाला सांगायची, आणि तीही शेवटच्या वेळी. नोएलीला तिच्या मावशीने सांगितली होती. तेव्हा मावशीने खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं. पाद्र्यालासुद्धा.

त्यामुळे इस्पितळात नोएलीने नर्सला बाहेर जायला सांगितलं तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "खुणांवर दर वर्षी रंग देत जा, लेओन्स. माझ्या आहेत तिथेच. फुल्यांवरसुद्धा. नवीन शहाणपण करू नकोस."

मी वाट बघत राहिलो. तिने पाणी मागितलं. मग ती झोपली. त्यानंतर ती विशेष बोलली नाही.

गावाभोवतीच्या पिवळ्या वाटेचं काम नोएलीकडे होतं. धुणीघरापासून निघून, पावाच्या जुन्या भट्टीवरून, चॅपल, मग दगडी क्रूस, मग ज्याला आम्ही राक्षसाचं थडगं म्हणतो त्या शिळा, आणि परत. वाट बरोबर असेल तिथे दगडावर किंवा झाडावर पिवळा पट्टा. चुकीची असेल तिथे पिवळी फुली. हे काम फुकटचं. गावातल्या कुणी तरी करायचं, आणि ती करायची. वसंतात मी तिचा डबा आणि ब्रश घेतला आणि निघालो. जिथे तिचा रंग होता तिथे माझा रंग दिला. मला घाई नव्हती. घरी जाऊन करायचं काय?

पण मनात एकच होतं. तिने जागा मला सांगितली नाही. मग कुणाला सांगितली? न सांगता मरणारी बाई ती नव्हती.

सिप्रियाँ माझा शेजारी. आमची एक भिंत सामायिक आहे. लग्न केलं नाही, शिकार करतो, मेंढ्या पाळतो, आणि आमच्या ओसरीवरून माझे चांगले रबरी बूट बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानेच नेले असं मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तो आणि नोएली शाळेत एका बाकावर बसायचे. ती आजारी असताना तो दर रविवारी इस्पितळात यायचा, आणि मी कॉफी प्यायला खाली गेलो की तेवढा वेळ तिच्यापाशी एकटा बसायचा.

तेवढा वेळ पुरे होता.

*

वारसा दिनाच्या आधीच्या आठवड्यात गावसभेच्या खोलीत बैठक झाली. मादाम डेलवीन आता वारसा समितीच्या प्रमुख आहेत. लील शहराहून निवृत्त होऊन आल्या, जुनी गिरणी विकत घेतली, आणि गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त चालतात. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"मस्यू लेओन्स, हे बघा. नकाशात वाट दगडी क्रुसापासून सरळ जाते. चेस्टनटच्या रानातून, जुन्या वाळवणघरावरून, थेट शिळांकडे. तुमच्या खुणा मात्र क्रुसापाशी डावीकडे वळतात आणि अख्ख्या टेकडीला वळसा घालतात. सरळ वाटेवर तर चक्क फुली आहे."

"मी रंगावर रंग दिलाय," मी म्हणालो. "जिथे होता तिथेच."

"मग कुणी तरी खुणा बदलल्या."

"रंगाचा डबा कुणाच्या घरात आहे ते विचारा," सिप्रियाँ खिडकीपासून म्हणाला. तो तिथे नासपती सोलत बसला होता. दोघंतिघं हसली.

"ज्याने माणसाचे बूट ओसरीवरून नेले," मी म्हणालो, "त्याला एक ब्रश न्यायला काय लागतं?"

"झाले सुरू ह्याचे बूट! अरे, तुझ्या बुटात माझे दोन्ही पाय एकदम मावतील. मी काय होडी म्हणून वापरू?"

"सिप्रियाँ, तुमचं कुरण त्या रानाला लागून आहे ना?" मादाम डेलवीननी विचारलं.

"आहे. आणि लोकांची कुत्री माझ्या मेंढ्यांच्या मागे लागतात. पण फुली मी मारलेली नाही. मी मारली असती तर काटेरी तारच मारली असती."

मादाम डेलवीन हसल्या नाहीत. "मला शनिवारी लोकांना ते वाळवणघर दाखवायचं आहे. चेस्टनट धुरावर वाळवायची अशी घरं आता या भागात फारशी उरलेली नाहीत. तोपर्यंत खुणा नीट करा, मस्यू लेओन्स. नाही तर पुढच्या वर्षी जिल्ह्याचे लोक येऊन वाट नव्याने आखतील. त्यांचे खांब, त्यांचे फलक. जुना रंग ते खरवडून काढतात."

जुना रंग म्हणजे नोएलीचा रंग. मी मान हलवली आणि बाहेर पडलो.

घरापर्यंत जाताना मी सगळं जुळवलं. हिवाळ्यात नोएली इस्पितळात होती, तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं. तेव्हा सिप्रियाँने फुली मारली. का मारली? त्या रानात लोक जाऊ नयेत म्हणून. का जाऊ नयेत? कारण जागा तिथे आहे. आणि ते त्याला कुणी सांगितलं? वसंतात मी भोळेपणाने त्याच्याच फुलीवर स्वतःच्या हाताने रंग चढवला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरवडणी, टर्पेंटाइन आणि डबा घेऊन क्रुसापाशी गेलो. धुकं होतं. क्रुसाच्या पलीकडे वाटेच्या कडेला कमरेएवढी शिळा आहे, तिच्यावर ती फुली. माझा वसंतातला रंग अजून ताजा दिसत होता. फुली पुसायची, सरळ वाटेवर पट्टे मारायचे, आणि मग सिप्रियाँचं तोंड बघायचं, असं माझं ठरलं होतं.

मी खरवडायला लागलो. माझा लिंबाच्या रंगाचा थर निघाला. त्याखाली एक मळकट थर निघाला. हा सिप्रियाँचा, मी मनात म्हटलं. त्याखाली दगड लागायला हवा होता. लागला नाही. त्याखाली जाड, नारिंगीकडे झुकणारा पिवळा होता.

तो रंग मी कुठेही ओळखला असता. त्या वर्षी आम्ही घराच्या खिडक्यांना रंग दिला होता, आणि दुकानात वाटेसाठीचा रंग संपला म्हणून नोएलीने उरलेला खिडक्यांचा रंग सगळ्या खुणांवर लावून टाकला. मी चिडलो होतो. म्हणालो होतो, "सगळ्या डोंगराला आपल्या स्वयंपाकघराची खिडकी केलीस." ती म्हणाली होती, "मग बरंच झालं, कुठूनही घर दिसेल."

मी आणखी खरवडलं. त्याखालीही पिवळा होता. त्याखालीही. फुली आमच्या खिडक्यांपेक्षा जुनी होती.

मी तिथेच खाली बसलो. म्हणजे सिप्रियाँने काही केलं नव्हतं. ही फुली नोएलीने मारली होती, आणि वर्षानुवर्षं ती पुन्हा पुन्हा रंगवली होती. गावाला खोटी वाट दाखवली होती. गावातले लोक खुणा बघून चालत नाहीत, आणि पाहुण्यांना ती स्वतः घेऊन जायची, त्यामुळे कुणी विचारलंच नसणार.

मला तेव्हा आठवलं. मी दगडी पाट्यांची छपरं घालायचो, जन्मभर तेच काम केलं. एकदा मी तिला म्हणालो होतो की त्या वाळवणघराचं छप्पर बघून येतो, वाचवता आलं तर वाचवू. ती चटकन म्हणाली होती, "जाऊ नकोस. भिंतीच बसल्यात. तुझ्या डोक्यावर पडेल." आणि मी गेलो नव्हतो.

सिप्रियाँवरचा संशय सोपा होता. आता मी मेलेल्या बायकोवर संशय घेत होतो, आणि तिच्यापाशी जाऊन काही विचारायची सोय नव्हती.

मी डबा उचलला आणि फुली ओलांडून सरळ गेलो.

वाट मोकळी होती. काटेरी झुडपं छाटलेली होती, या वर्षी नाही, पण गेल्या वर्षी नक्की. म्हणजे कुणी तरी जात होतं. जुनी चेस्टनटची झाडं, पोटात पोकळ झालेली. मग वाळवणघर दिसलं. भिंती बसलेल्या नव्हत्या. छप्पर शाबूत होतं. एका कोपऱ्यात दोन पाट्या नव्या होत्या, माझ्या अंगणातल्या ढिगातल्या, आणि खिळा चुकीच्या बाजूला ठोकलेला होता. हे काम कारागिराचं नव्हतं. मी दार ढकललं.

आत झाडलेलं होतं. खिळ्याला तिची गोल टोपली. तिचा वाकड्या पात्याचा चाकू. आणि भिंतीशी, नीट जोडीने ठेवलेले, पुरुषाचे रबरी बूट.

नोएलीचा पाय लहान मुलीएवढा होता.

मी दारातच उभा राहिलो. आत जायची हिंमत होईना. माझ्या मनात ते रविवार आले, मी इस्पितळात कॉफी घ्यायला खाली गेलेला, आणि सिप्रियाँ तिच्या पलंगाशी बसलेला. शाळेतला एक बाक आला. चाळीस शरद आले. ती सकाळी निघायची आणि दुपारी गालावर रंग घेऊन परत यायची, आणि मी फक्त टोपलीत बघायचो.

शेवटी मी बूट उचलले. जड होते. उलटे केले. डाव्या टाचेला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं ठिगळ होतं, वाकडं बसलेलं, एका कडेला गोंद बाहेर आलेला.

ते ठिगळ मी लावलं होतं. ते माझे बूट होते.

दोन्ही बुटांच्या पुढच्या टोकात लोकर कोंबलेली होती. लाल लोकर, माझ्या जुन्या स्वेटरची, जो कुत्र्याने फाडला असं मला सांगण्यात आलं होतं. मला कळायला थोडा वेळ लागला. पाऊस पडून गेला की ओल्या मातीत पाऊल उमटतं. तिच्या मागावर कुणी आलं असतं तर त्याला एका मोठ्या पुरुषाचे ठसे दिसले असते. तो म्हणाला असता, हा तर लेओन्स, ह्याला काय कळतंय अळंबीतलं, आणि परत गेला असता. आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर सिप्रियाँला चोर म्हणत होतो, आणि ती सूप वाढत होती.

मी एकटाच मोठ्याने हसलो. मग काही वेळ हसलो नाही.

वाळवणघराच्या मागे उतार आहे. नेच्यांमध्ये, पानांखाली, सेप होती. मोठी, भरलेली, न काढलेली. ह्या वर्षी तिथे कुणी आलंच नव्हतं.

खुणांवर रंग देत जा. फुल्यांवरसुद्धा. नवीन शहाणपण करू नकोस. तिने नर्सला उगाच बाहेर काढलं नव्हतं. मला तोंडाने जागा सांगितली असती तर ती आठवड्याभरात कॅफेत पोचली असती. ती नेहमी म्हणायची, "तुझ्या पोटात एक गोष्ट आणि एक ग्लास वाइन एकत्र राहत नाहीत." म्हणून तिने मला जागा सांगितली नाही. राखायला दिली.

*

टोपली मी तिथेच ठेवली. डब्यातला रंग वाळवणघरातल्या एका काठ फुटलेल्या मडक्यात ओतला, डब्यात फडकं घातलं, त्यात सेप ठेवली, वर दुसरं फडकं आणि त्यावर ब्रश. मडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि निघालो.

फुलीच्या शिळेपाशी सिप्रियाँ उभा होता. खरवडलेल्या रंगावरून अंगठा फिरवत होता.

"पुसतोयस?" त्याने विचारलं.

"नाही. नीट करतोय."

"आत काय करत होतास?"

"छप्पर बघायला गेलो होतो."

"इतका वेळ?"

"छप्पर मोठं आहे."

"वाळवणघराचं? माझं खुराडं त्याहून मोठं आहे." त्याने माझ्या डब्याकडे पाहिलं, मग मडक्याकडे. "आणि रंग मडक्यात का?"

"डबा गळतो."

 तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "लेओन्स, खरं सांग. तुला सांगितलं ना तिने?"

"काय?"

"काय म्हणे! वसंतापासून तुझ्या मागे आहे मी."

"माझ्या मागे?"

"तुझ्या नाही तर काय पोपच्या? रोज सकाळी डबा घेऊन निघतोस. एक दगड रंगवायला कोणाला एवढा वेळ लागतो? मी म्हटलं, डबा नुसता दाखवायला आहे. हा माणूस जागा बघून ठेवतोय."

"आणि चॅपलपाशी गाडी?"

"तिची तिथे असायची, म्हणून तिथून शोधायला सुरुवात केली. काय आहे तिथे माहितीये? काटे. माझी पॅंट बघ."

"म्हणजे," मी म्हणालो, "तिने तुला सांगितली नाही?"

"मला? शाळेत तिला विचारलं, नोएली, किती वाजले, तर अर्धा तास मागे सांगायची. म्हणे, तुला कळून काय करायचंय. इस्पितळात मी दर रविवारी विचारलं. शेवटच्या रविवारी म्हणाली, सिप्रियाँ, ह्या लेओन्सकडे लक्ष ठेव. मी म्हटलं, झालं! ह्यालाच सांगितली."

शब्द माझ्या ओठांवर आले होते. त्याला सांगावंसं वाटलं. बुटांचं तर नक्कीच सांगावंसं वाटलं, कारण तेवढं मी त्याचं देणं लागत होतो. मी मडकं खाली ठेवलं.

"मलाही नाही सांगितली," मी म्हणालो. हे खरंच होतं.

मग मी मडक्यात ब्रश बुडवला आणि त्याच्यासमोरच शिळेवर फुली काढली. जाड, वरपासून खालपर्यंत.

"अरे, पण ती गिरणीवाली बाई तर म्हणाली पूस."

"आतलं छप्पर धोक्याचं आहे. कुणाच्या डोक्यावर पडलं तर?"

"मग दुरुस्त कर की. जन्मभर दुसरं काय केलंस?"

"भिंतीच बसल्यात," मी म्हणालो.

*

वाळवणघर धोक्याचं आहे असं सांगितल्यावर मादाम डेलवीननी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही त्या कामातले," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर असेल. वसंतात मी स्वतः एकदा बघून येईन."

"या ना. उंच बूट घालून या. साप फार आहेत."

शनिवारी सगळे खुणांप्रमाणे डावीकडून गेले. टेकडीच्या वळशावरून दरी चांगली दिसते. एक बाई म्हणाली, हीच वाट जास्त सुंदर आहे, आणि मादाम डेलवीननी फोनवर काही तरी दुरुस्त केलं. मी धुणीघरापाशी लोकांना तिथल्या छपराची माहिती सांगितली. तिथे खोटं बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी सगळ्या खिडक्या लावल्या, नारिंगी पिवळ्या, आणि तव्यात बदकाची चरबी घातली. सेप कापली. लसूण घातला. स्वयंपाकघरात श्वास घेता येईना इतकं गरम झालं. तेवढ्यात दार वाजलं.

"काय शिजवतोयस?" सिप्रियाँ बाहेरून म्हणाला.

"बटाटे."

"एवढ्या उकाड्यात खिडक्या लावून?"

"डास येतात."

"लेओन्स, माझी भिंत आणि तुझी भिंत एक आहे. आणि माझं नाक शाबूत आहे."

मी दार उघडलं. तो आत आला, नोएलीच्या खुर्चीवर बसला नाही, बाकावर बसला. मी त्याला ताट वाढलं. वाढायला कुणाची बंदी नाही. फक्त सांगायला आहे. तो जेवला, पावाने ताट पुसलं, आणि मग ताटातच बघत विचारलं, "कुठून आणलीस?"

"रानातून."

"कुठल्या?"

"चॅपलपाशी," मी म्हणालो.

"खोटारडा," तो म्हणाला आणि आणखी मागितली.

मी वाढली. वाढता वाढता म्हणालो, "ते बूट तू नेले नव्हतेस. मला सापडले."

"कुठे?"

"घरातच होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बंद खिडक्यांकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गाडी चॅपलपाशी लावली तेव्हा त्याची पांढरी गाडी तिथे आधीच उभी होती. मी घरातली दुसरी टोपली कोटाखाली घेतली आणि कुंपणाच्या कडेने दुसरीकडे निघालो.